नव्वद युरोंचा नकार

वकिलातीने यादी दिली. तीन नावं.
पहिला नंबर बंद.
दुसरी बाई अथेन्सची; येण्याजाण्याचे वेगळे, म्हणाली,
आणि रात्र झाली तर राहण्याचे.
तिसरा नुसताच वाजत राहिला
कुणाच्या तरी रिकाम्या स्वयंपाकघरात.

मग लमारा थेस्सालोनिकीच्या स्टेशनामागे गेली,
जिथे रविवारी कुताइसीच्या मिनीबस लागतात
आणि खोकी चढतात: साबण, तेलाचे डबे, नातवाचे बूट.
ड्रायव्हरने सिगारेटच्या पाकिटाचं झाकण फाडलं,
त्यावर नंबर लिहिला.
लाझारोस. फरशा बसवतो.
पण शपथेचा दुभाषी आहे, शिक्का आहे त्याच्याकडे.

तासाचे नव्वद.
दहा मिनिटांत झालं तरी तासाचेच.
"सत्तर?"
"बाई, घासाघीस मी फरशीला करू देतो,
शब्दाला नाही."
तरी ऐंशीवर आला.
पावती हवी म्हटल्यावर पुन्हा नव्वद.

सात वर्षं तिने एरास्मियाबाईंचं सगळं केलं.
तेव्हा दुभाषी लागला नव्हता.
गोळी घ्या. कूस बदला. पाणी फार गरम नाही ना?
शेवटच्या महिन्यात तर भाषा
उशीच्या अभ्र्याएवढी उरली होती,
दोघींना पुरत होती.

आता बाईंनी घर तिच्या नावे केलंय.
दोन खोल्या, गॅलरीत लिंबाची कुंडी,
आणि मुलाच्या बुडालेल्या दुकानाचं
घराहून मोठं कर्ज.
घ्यायचं तर सगळं घ्यायचं.
नाहीतर मुदतीच्या आत येऊन
कायद्याच्या तोंडावर नको म्हणायचं.

ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो
आणि 'ओही' म्हणजे नाही.
आपल्या कानाला सगळं उफराटंच:
होकाराला नन्नाची सुरुवात, नकाराच्या पोटात हो.
लमाराचंही तसंच व्हायचं,
तिच्या जॉर्जियनमध्येही होला 'हो'च म्हणतात.
पहिल्या वर्षी ती नको तिथे मान डोलवायची
आणि बाई दुसरी वाटी सूप वाढायला लावायच्या.

नोटरीने चार पानं वाचली.
लाझारोस तिच्या कानाशी कुजबुजत होता,
नखांत पांढरं सिमेंट.
"वारसा स्वीकारता का?"
लमारा थांबलीच नाही. "ओही."
नोटरीचं पेन वरच राहिलं.
असं चालत नाही, बाई.
तुमच्या भाषेत यांना सांगा, हे मला सांगतील.

ग्रीकमध्ये किती सोपं होतं,
भाजीवाल्याला म्हणावं तसं.
आपल्या भाषेत वळायला तिला वेळ लागला.
मग ती बोलत सुटली:
कुंडीला कोण पाणी घालतंय, कर्ज तिने काढलेलं नाही,
बाई शुद्धीत असत्या तर त्यांनाच विचारलं असतं,
तिच्या आईचं घरही असंच गेलं, ते एक असो.
शेवटी एकदाचं: "अरा."

लाझारोस नोटरीकडे वळला.
"नाही म्हणते."

जिन्यात ती भडकली. एवढं बोलले मी,
आणि तुम्ही दोन शब्द?
"बाकीचं त्या कागदाला नको होतं," तो म्हणाला.
मग घड्याळ पाहिलं.
"पण पंचवीस मिनिटं शिल्लक आहेत तुमची."

बसची तिकिटं तिने काढली, दोघांची.
दफनभूमीचं फाटक, डावीकडे पाण्याचा नळ,
नळापासून चौथी ओळ.
तिने कुठे उभं राहायचं ते दाखवलं.
जिन्यातलंच सगळं पुन्हा सांगितलं, आता हळू,
वाक्यावाक्याला थांबत,
आणि लाझारोसने टोपी काढून,
दुभाष्याच्या रीतीने, समोरच्याचा 'मी' आपला करून
चांगल्या, व्याकरणशुद्ध ग्रीकमध्ये दगडाला सांगितलं:
मी घर घेऊ शकले नाही.
कुंडी मात्र नेलीय, कुणाला न विचारता.
मी दमले होते. तुमच्यावर नाही.

तास केव्हाच उलटून गेला होता.
पावतीवर त्याने एकच लिहिला,
आणि शिक्का मारायला टेकू म्हणून
शेजारच्या कबरीची फरशी
आधी हाताने चाचपून पाहिली.